३८७ पैकी ३०९

विजय हजारे सांगलीचे, म्हणून मी त्यांची बाजू घेतो, असा माझ्या साताऱ्याच्या मित्राचा आरोप आहे. तो विजय मर्चंटच्या बाजूचा. पुरावा एकच: प्रथम श्रेणीतली सरासरी. मर्चंट ७१.६४, हजारे ५८.३८. दिवसभर डेटाशी झटापट करणाऱ्या मला हा आकडा झटकून टाकता येत नाही. (कसोटीत दोघेही सत्तेचाळीसच्या पुढे, जवळपास सारखेच.)

पण १९४३चा पंचरंगी अंतिम सामना घ्या. संघ धर्मावर पाडलेले. हजारे ख्रिस्ती, म्हणून ‘रेस्ट’मध्ये, म्हणजे उरलेल्यांत. बलाढ्य हिंदू संघाकडून मर्चंटनी नाबाद २५० केल्या. फॉलोऑननंतर हजारेंनी संघाच्या ३८७ पैकी ३०९ काढल्या. भाऊ विवेकबरोबर ३०० धावांची भागीदारी झाली, त्यात भावाच्या २१. तरी डावाने हार.

जन्माने पदरात पडलेला दुबळा संघ गुणवत्ता मोजताना धरायचा का? मी म्हणतो, धरायचा. मित्र विचारतो, मग चांगला संघ मिळाला हा मर्चंटचा गुन्हा? नाही. आणि युद्ध, प्रकृती यांमुळे त्यांच्या वाट्याला १०च कसोट्या आल्या, तेही मग धरावं लागतं. सरासरीला यातलं काहीच ठाऊक नसतं.

तरी १९४८ला ॲडलेडमध्ये, ब्रॅडमनच्या संघापुढे, एकाच कसोटीत ११६ आणि १४५! मर्चंट त्या दौऱ्यावर जाऊच शकले नव्हते. माझं मत हजारेंना, सांगली बाजूला ठेवूनही. मित्राला यातलं शेवटचं वाक्य तेवढं पटत नाही.