पाहण्याचा अधिकार

सौंदर्याला पाहणारा डोळा हवाच, असे आपण धरून चालतो. कोणाच्या दृष्टीस न पडलेले रानातले फूल व्यर्थ फुलले, असे आपण सहज म्हणून जातो. या समजुतीत माणसाचा केवढा अहंकार आहे, हे मेक्सिकोतील एका गुहेचा वृत्तान्त वाचला म्हणजे ध्यानात येते.

मेक्सिकोच्या उत्तरेस चिवावा राज्यात नाइका येथे शिसे, जस्त व चांदी यांची खाण आहे. २००० साली सुमारे ३०० मीटर खोलीवर बोगदा खणताना कामगारांना ही गुहा लागली. आत जिप्समचे अर्धपारदर्शक स्फटिक वाड्याच्या तुळयांसारखे आडवेतिडवे पसरलेले. सर्वांत मोठा सुमारे ११ मीटर लांब. वजनाचा अंदाज १२ टन. एवढे मोठे नैसर्गिक स्फटिक क्वचितच कोठे आढळले असतील. भूगर्भाच्या उष्णतेने तापलेल्या, खनिजांनी भरलेल्या पाण्यात ते लाखो वर्षे वाढत होते. आणि किती सावकाश! २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनुसार ५५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात शंभर वर्षांची वाढ केसाच्या जाडीइतकीही भरत नाही.

मग हे आपल्याला दिसले कसे? खाणीत पाणी चढू नये म्हणून पंपांनी सतत उपसा चालू होता. गुहेतले पाणी उतरले म्हणून माणूस आत शिरला, आणि पाणी उतरले म्हणूनच स्फटिकांची वाढ खुंटली. आपले पाहणे आणि त्यांचे वाढणे एकत्र नांदू शकत नव्हते. याच खाणीत १९१० साली सापडलेल्या ‘तलवारींच्या गुहे’तले कित्येक स्फटिक तर संग्राहकांकडे आणि संग्रहालयांत गेले. पाहण्याची हौस पुष्कळदा घेण्यावर येऊन थांबते.

कोणी म्हणेल, चांदीचा लोभ नसता तर हे वैभव आपल्याला कळलेही नसते. खरे आहे. ज्ञान नेहमी शुद्ध हेतूच्या पोटी जन्मत नाही. पण कळण्यापूर्वी आपण केवळ अजाण होतो. कळल्यावर उत्तरदायी झालो. न पाहण्याने होणारी हानी आपली. पाहण्याने होणारी त्या स्फटिकांची. आपली हानी सोसता येते. त्यांची भरून येण्यास माणसाचा सारा इतिहास पुरणार नाही.

२०१५ साली खाणीचे काम थांबले, उपसा बंद झाला आणि पाण्याने गुहा पुन्हा आपल्या पोटात घेतली. हे कोणी स्फटिकांवरील प्रेमाने केले नाही, म्हणून त्याचे पुण्य आपल्या पदरी बांधण्याचे कारण नाही. शेजारतीनंतर गाभाऱ्याचे दार लागते, तेव्हा देव नाहीसा झाला असे भाविक मानीत नाही. दर्शन संपले एवढेच तो जाणतो. पण येथे दार परिस्थितीने लावले. खाण भरभराटीत असती आणि पंपाची कळ आपल्या हाती असती, तर ती आपण होऊन फिरवली असती काय? आपल्या सौंदर्यप्रेमाची परीक्षा या प्रश्नात आहे, आणि ती अजून व्हावयाची आहे.