हक्कसोड : 3,000 रुपये

अकोल्यातल्या आमच्या घराचं बजेट मी पुण्यात बसून गूगल शीटमध्ये केलं. बाबांनी 1998 साली घेऊन ठेवलेला प्लॉट, त्यावर 1,400 चौरस फुटांचं बांधकाम, मटेरिअलसकट ठेकेदाराचा दर 2,000 रुपये. झाले 28 लाख. कंपाउंड, बोअर, टाकी, नकाशा, वीजजोडणी आणि 'ऐनवेळचं' धरून 34.

दर दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन यायचा आणि काटकसर कुठे करायची यावर खल व्हायचा. एका बाबतीत मात्र ते ऐकायला तयार नव्हते. वऱ्हाडातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर वरवरचा पाया टाकला तर दोन-चार पावसाळ्यांत भिंती तडकतात. म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदायचं. बोअरचं पाणी खारं निघालं तर काँक्रीटला टँकरचं गोडं पाणी आणायचं, नाहीतर आतली सळई गंजते. मी टँकरच्या ओळीवर प्रश्नचिन्ह टाकलं, तेव्हा बाबा म्हणाले, "जे दिसत नाही, तिथं पैसे वाचवू नको."

आता पैसे कुठून आणायचे? मी 24 लाखांचं कर्ज सुचवलं होतं. बाबांनी ते 15 वर आणलं. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचं 15 लाखांचं कर्ज म्हणजे महिन्याला 13 हजारांचा हप्ता आणि एकूण व्याज सव्वासोळा लाख, मुद्दलापेक्षा जास्त. हे गणित मी त्यांना दाखवलं आणि ते आणखीच घाबरले.

कर्जाची ही धास्ती आमच्याकडे जुनी आहे. आमचं शेत दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. तिथून जवळच ऋणमोचन आहे. पौषातल्या रविवारी आजी आम्हाला तिथल्या यात्रेला न्यायची आणि गाडगेबाबांच्या गोष्टी सांगायची. ते लहानपणी मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला मामाकडे वाढले. त्या मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली. पुढे बाबा जन्मभर कीर्तनांतून लोकांना सांगत फिरले की कर्ज काढू नका. स्वतःसाठी घर न बांधता त्यांनी लोकांसाठी धर्मशाळा बांधल्या. आजीची गोष्ट संपली की तात्पर्य ठरलेलं असायचं : कर्ज वाईट.

म्हणून बाबांनी तोडगा काढला. "जमीन हाये तर कर्ज कायले काढतं?" दीड एकर विकायचं, 12 लाख येतील. बाबांच्या पीएफचे 7 आणि कर्जाचे 15. बेरीज बरोबर 34. शीटमधला लाल सेल हिरवा झाला.

टाईल्स निवडायला म्हणून मी ती शीट ताईला पाठवली. ताई अमरावतीला असते. रात्री तिची एका ओळीवर कमेंट आली. ओळ अशी होती : 'हक्कसोडपत्र – स्टॅम्प, टायपिंग, ताईचं येणं-जाणं – 3,000'. तिनं लिहिलं होतं, 'येणं-जाणं काढून टाक. मी माह्या पैशानं येईन. तसंही बायांले एसटीत अर्धंच तिकीट लागते.' पुढे हसण्याची इमोजी.

मी ती ओळ पुन्हा वाचली. जमीन पणजोबांपासून चालत आलेली. 12 लाख चौघांत सरळ भागले तरी ताईचे 3 लाख होतात. ती आमच्या घरात 3 लाख घालत होती आणि माझ्या शीटमध्ये ती फक्त खर्चाच्या बाजूला होती, 3,000 रुपयांची.

कायदा काय सांगतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. 1994 साली महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, पण आधीच लग्न झालेल्यांना वगळून. 2005च्या केंद्राच्या दुरुस्तीनं ती अट काढली. मुलीला मुलाइतकाच जन्मापासून हक्क मिळाला. तेव्हा वडील हयात असणं गरजेचं नाही, हे 2020 साली विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं. आणि तरी हक्कसोडपत्रावर बहिणींच्या सह्या होतच राहतात. स्टॅम्प नाममात्र लागतो. न सांगितलेला भाव वेगळाच असतो : सही दिली तर माहेर राहतं.

मी स्वतःशी वाद घातला. ताईच्या लग्नात बाबांचे आठ लाख गेले होते, ते नाही का धरायचे? मग माझ्या इंजिनिअरिंगची फी, होस्टेल, पहिला लॅपटॉप? ते माझ्या हिश्श्यातून कुणी कधी वजा केलं? लग्नाचा खर्च पोरीच्या नावावर आणि डिग्रीचा खर्च घराच्या नावावर, असं हे खातं आहे.

दुसरा मुद्दा जास्त अवघड होता. ताईनं आनंदानंच सही केली असती. मग विचारून घेतलं काय आणि धरून चाललं काय, घर तेवढंच होणार. फरक काय पडतो? मला वाटतं, देणाऱ्याच्या हातात ती गोष्ट आधी असावी लागते, तरच तिला देणं म्हणता येतं. जे ताईचं म्हणून आम्ही कधी लिहिलंच नाही, ते तिनं दिलं असं आम्ही कुठल्या तोंडानं म्हणणार? ते आम्ही घेतलं होतं. बँकेचं कर्ज निदान कागदावर असतं. ते टाळण्यासाठी आम्ही ताईकडून कर्ज उचलत होतो, बिनव्याजी, परतफेडीशिवाय आणि तिला न सांगता.

मी शीटमध्ये जमेच्या बाजूला नवी ओळ घातली : 'ताई – 3,00,000'. बाबा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग म्हणाले, "माही पोरगी माह्यासंग हिशोब करन का? तिनं मागतले तरी का पैसे?"

"नाही मागितले. म्हणूनच विचारायचं," मी म्हणालो.

मी ताईला फोन केला. तुझे तीन लाख तू घे, नाहीतर घराच्या कागदावर तुझं नाव लावू, असं सांगितलं. बोलताना मला फार बरं वाटत होतं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पैसे दे मंग."

माझ्या पोटात गोळा आला, आणि तेव्हाच मला कळलं की मी उत्तर आधीच ठरवून ठेवलं होतं. ती म्हणणार होती, 'वेडा झाला का?' आणि मी न्यायी भाऊ ठरणार होतो, एक रुपयाही न जाता. म्हणजे आधी मी तिचा हिस्सा गृहीत धरला होता, आता तिचा नकार. 'हो' हे उत्तर ज्या बजेटमध्ये बसत नाही, त्या बजेटमधून विचारलेला प्रश्न प्रश्नच नसतो.

कर्ज वाढवायला बाबा तयार नव्हते. मग वरची खोली काढली, पीओपी काढलं, मॉड्युलर किचनच्या जागी कडप्प्याचा ओटा आला. पाया आणि टँकर तसेच ठेवले. घर 34चं 31वर आलं. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात ताई आली ती हक्क सोडायला नाही, विकणाऱ्या चौघांतली एक म्हणून. बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही, पण बाहेर आल्यावर चौघांसाठी उसाचा रस सांगितला.

वर पुढेमागे बांधता यावं म्हणून स्लॅबवर कॉलमच्या सळया उघड्या सोडल्यात. परवा ताई लेकीला घेऊन घर बघायला आली. गच्चीवर त्या सळया बघून तिनं विचारलं, "माह्यामुळं राह्यली ना खोली?"

'नाही गं' असं म्हणणं सोपं होतं. मी म्हणालो, "ती तुझ्याच पैशानं होणार होती. आमच्याजवळ तेवढे नव्हतेच."

"हं," ती म्हणाली, आणि लेकीला सळयांपासून दूर ओढलं.