आंबापोळीचा एक तुकडा

पाकीट हातात घ्या, पण इतक्यात उघडू नका. दादरच्या एखाद्या कोकणी मेव्याच्या दुकानातून आणलं असेल, मुंबई-गोवा महामार्गावर गाडी थांबली तेव्हा कोकम सरबताच्या बाटलीबरोबर घेतलं असेल, किंवा गावाहून येताना कुणी वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं असेल. वर्तमानपत्रवाले सुटले, त्यांना वाचण्यासारखं काही नाही. बाकीच्यांनी पाकीट उलटं करून बारीक अक्षरांपाशी यावं.

घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असा नियम आहे. पहिलं नाव आंब्याच्या गराचं आहे की साखरेचं, एवढंच पाहा. साखर दिसली म्हणून लगेच आठ्या नकोत. आंबट रसात घरीसुद्धा साखर पडतेच. मात्र पहिली साखर, तिच्यामागे ग्लुकोज सिरप, मग रंग नि सुवास आणि आंबा कुठेतरी मधल्या ओळीत, अशी उतरंड असेल तर त्याला आंबापोळी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पोळीऐवजी सुक्या आंब्याच्या पिवळ्याधमक फोडी आणल्या असतील, तर २२०, २२३ किंवा २२४ असा आकडा आहे का तेही बघा. तो गंधकाच्या संयुगांचा; पिवळेपणा त्यांच्यामुळे टिकतो, आणि दमा असलेल्या काही जणांना ती बाधतात. झालं वाचून. जे आणलं आहे ते आणलं आहे. आज त्याच्यापाशीच बसायचं.

आता उघडा. दोन बोटं मावतील एवढा एक तुकडा तोडा आणि बाकीचं पाकीट हाताला लागणार नाही इतकं लांब ठेवा.

तुकडा खिडकीच्या उजेडासमोर धरा. कारखान्यातली पोळी सगळीकडे सारख्या जाडीची असते, तिच्यातून उजेडही एकसारखा येतो. उन्हात वाळलेली असेल तर कुठे पातळ, कुठे गडद, मध्येच एखादी रेषा गाळणीतून निसटून आलेली. रंग ताज्या रसाचा नाही, काकवीसारखा आहे. ऊन आणि हवा लागून तो असा झाला. फाटलेल्या कडेकडे नीट पाहिलंत तर थर दिसतील. ताटाला तूप लावून रसाचा पहिला पातळ हात फिरवला, तो सुकला, मग त्याच्यावर दुसरा, पुन्हा तिसरा. थर मोजत बसू नका, नुसतं बोट फिरवा. एक बाजू गुळगुळीत लागेल, ती ताटाकडची. दुसरी किंचित खरखरीत, ती आभाळाकडची.

त्या आभाळाकडच्या बाजूवर थोडं रेंगाळा. डोळे मिटलेत तरी चालेल.

मे महिना उतरणीला लागला आहे. सारवलेल्या खळ्यात ताटं मांडली आहेत, वर जुन्या धुवट साडीचा पातळ पदर ताणला आहे. कावळे लांबून बघताहेत. राखणीला घरातलं एखादं पोर किंवा दुपारी झोप न येणारी आजी. ढग आला की सगळी ताटं आत, ढग सरला की पुन्हा बाहेर. मृग सात जूनच्या सुमाराला लागतो. त्याच्या आत पोळी वाळून डब्यात जायला हवी. या दिवसांत घाई कुणाचीच चालत नाही. तापलेल्या दुपारी ताटापाशी बसून राहिलं तरी काही घडताना दिसत नाही.

आणि तरीही केवढं घडत असतं. पिकलेल्या आंब्याच्या गरात शंभर भागांतले त्र्याऐंशीच्या आसपास पाणीच असतं. म्हणजे किलोभर निव्वळ रसात आंबा म्हणावा असा ऐवज जेमतेम १७० ग्रॅम. पोळीत शेवटी पंधरा-वीस टक्के ओल उरली, तर किलोची दोनशे ग्रॅम होते. बाकीचे आठशे ग्रॅम अंगणातून वर निघून गेले. मागे राहिलेली साखर आणि आंबटपणा इतका दाट होतो की बुरशीला वाढायला लागणारं मोकळं पाणीच सापडत नाही. म्हणून ही पोळी पुढे महिनोन्‌महिने टिकते. हातातल्या तुकड्याचं वजन तळव्यावर जरा तोलून पाहा. याच्या पाचपट रस होता हा.

कुठल्या झाडाचा? पाकिटावर हापूस लिहिलं असेल. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून त्या नावाचा रुबाब आणखी वाढला. पण घरोघरच्या पोळीत बहुतेक वेळा पेटीत न बसलेला आंबा असतो. वाऱ्याने पडलेला, एका बाजूने डागाळलेला, एकदम इतका पिकला की आज काही केलं नाही तर उद्या फेकावा लागेल असा. आणि रायवळ. रायवळाचं झाड कोयीतून आपसूक उगवलेलं, म्हणून दर झाडाची चव निराळी. हापूसचं तसं नाही. कलमामागून कलम, त्यामुळे बागेतली सगळी झाडं चवीला सख्खी. मला विचाराल तर हापूसची पोळी थोडी एकसुरी लागते. त्याचा सुवास हेच त्याचं वैभव, आणि सुवासच उन्हात सगळ्यात आधी उडून जातो. रायवळाची आंबटाई मात्र ऊन खाऊनही शाबूत राहते. तुकडा नाकाशी धरा. ताज्या आंब्याचा घमघमाट शोधू नका, तो गेला. खाली गुळाकडे झुकणारा, शिजल्यासारखा वास आहे. तोच पुरे.

आता जिभेवर ठेवा. चावायचं नाही.

पहिल्यांदा काहीच लागणार नाही. थोडं तूप, थोडा चिवटपणा. इथे बहुतेकांचे दात पुढे सरसावतात, त्यांना थांबवा. जबड्याच्या दोन्ही बाजूंना, कानांच्या खालच्या अंगाला, काही सुटू लागेल. आंबटाची चाहूल लागली की तोंडाला पाणी सुटतं, आपल्याला सांगावं लागत नाही. ते पाणी तुकड्याच्या कडांत शिरतं. कडा मऊ पडतात, थर एकमेकांपासून सुटायला लागतात. आधी आंबट, मग मागून येणारं गोड, आणि मग दोन्हींच्या मधे कुठेतरी अचानक आंबा.

आठवडाभराच्या उन्हाने जे पाणी काढून नेलं, ते तुम्ही आता थेंबाथेंबाने परत करता आहात. सुकं फळ चघळण्यातली खरी मजा हीच आहे असं मला वाटतं. ताजा आंबा आपल्याकडे काही मागत नाही; त्याचा रस कोपरापर्यंत ओघळतो आणि आपण नुसते घेत राहतो. पोळीत मात्र शेवटचा भाग खाणाऱ्याने करायचा असतो. चटकन चावून गिळलीत तर तो अर्धवटच राहतो.

हात एव्हाना पाकिटाकडे वळला असेल. असू दे, फक्त लक्षात घ्या की वळला. पोटाला कळायच्या आत वीस ग्रॅम पोळी संपते, आणि तो शंभर ग्रॅम रस असतो. वाटीतून प्यायला असता तर वाटी दिसली तरी असती.

पुढच्या वेळी तळकोकणातलं साठं खाऊन पाहा. तिकडे याच पोळीला साठं म्हणतात. पूर्व उत्तर प्रदेशातलं अमावट, बंगालचं आमसत्त्व, आंध्रातली मामिडी तांड्रा, यांपैकी काही हाती लागलं तर तेही याच चालीने. तोंडात विरघळायला कुणाला किती वेळ लागतो ते पाहण्यासारखं असतं.

शेवटचा चिवट कण मागच्या दाढेत अडकला असेलच. बोट घालू नका. जिभेने हलकेच चाळवत राहा, तो आपण होऊन सुटतो. मग साध्या पाण्याने खळखळून चूळ भरा, कारण ही साखर दाताला धरून बसते. आणि पावसाळ्याचे दिवस असतील तर उरलेलं पाकिटात ठेवू नका, कोरड्या हाताने घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.