घर उभे राहताना माणूस मोडू नये



सुगी सरली की आपल्या वस्त्यांतून बांधकामे निघतात. कुडाचे घर पाडून विटांचे घर उभे राहू लागते. कोणाला रमाई आवास योजनेचा आधार असतो, कोणी पोटाला चिमटा घेऊन पैसा जमविलेला असतो. ज्यांच्या वाडवडिलांना वेशीबाहेर राहावे लागले, त्यांची नातवंडे स्वतःच्या घराचा पाया खणत आहेत, ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु त्या चार-सहा महिन्यांत त्या कुटुंबाचे काय होते, याचा विचार आपण करतो काय? संसार पत्र्याच्या आडोशाला येतो. भाकरीत सिमेंटची धूळ पडते. गवंडी आज येतो, उद्या येत नाही. योजनेचा हप्ता कामाच्या टप्प्याप्रमाणे मिळतो, म्हणून जोत्यापर्यंत पोहोचायलाच उसनवारी करावी लागते. पुरुष दिवसभर मजुरी करून रात्री भिंतींवर पाणी मारतो. बाई त्याच भिंतींसाठी पहाटेपासून पाणी वाहते आणि वर सर्वांचा स्वयंपाकही करते. झोप तुटते, मग बोलणे तुटते, आणि एखाद्या शब्दावरून हात उगारला जातो. कोणी दारूच्या गुत्त्याची वाट धरतो. तेवढ्यात शेजारी सांगतो, "मुहूर्त चुकला, वास्तुशांती करून घ्या." १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांची खरी परीक्षा होते ती अशा थकलेल्या क्षणी!

थकवा हे दुःख आहे आणि दुःखाला कारण असते, ही तथागतांची शिकवण. हे कारण ग्रहांत नाही, दिशांतही नाही. ते अपुऱ्या झोपेत आहे, कर्जात आहे, एकाच्याच खांद्यावर पडलेल्या भारात आहे. कारण दिसले की उपाय करता येतो.

सोण कोलिवीस नावाचा सुखवस्तू घरचा तरुण भिक्खू झाला. चंक्रमण करता करता त्याच्या पायांतून रक्त वाहू लागले, तरी मन मुक्त होईना. तो निराश झाला. तथागतांनी त्याला वीणेची आठवण दिली. तार फार ताणली तर वीणा नीट वाजत नाही, फार सैल सोडली तरी वाजत नाही. प्रयत्नांचेही तसेच आहे. सम्यक व्यायाम म्हणजे शरीर मोडेपर्यंत राबणे नव्हे.

विनयातील आळवीची गोष्टही ध्यानात घ्या. तेथील भिक्खू कुटी बांधण्यासाठी लोकांकडे माणसे, बैल, गाड्या, हत्यारे मागत सुटले. लोक इतके त्रासले की दुरून गाय दिसली तरी भिक्खू समजून पळू लागले. तेव्हा तथागतांनी कुटीला बारा वीत लांबी आणि सात वीत रुंदी अशी मर्यादा घातली. शेजाऱ्याच्या माडीकडे पाहून आपण आपले जोते वाढवितो, तेव्हा ही मर्यादा आठवावी.

म्हणून आठवड्यातून एक दिवस काम थांबवा आणि सहकुटुंब विहारात जा. रात्री दहा मिनिटे शांत बसून श्वासावर लक्ष ठेवा. खर्चाची वही पतिपत्नींनी मिळून लिहावी. पाणी, चूल, मुले ही कामे वाटून घ्यावीत. बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधले ते ग्रंथांसाठी. आपणही त्या पत्र्याखाली मुलांच्या पुस्तकांसाठी एक कोपरा राखावा. शेजाऱ्यांनी सल्ल्याऐवजी एक दिवसाचे श्रमदान द्यावे.

आणि घर पुरे झाले की मुहूर्त न पाहता, त्रिशरण-पंचशील घेऊन आत पाऊल टाकावे. त्या दिवशी भिंतींना रंग नसला तरी चालेल. आत जाणारी माणसे एकमेकांशी प्रेमाने बोलत असली पाहिजेत.

नमो बुद्धाय! जय भीम!