कोणती केबिन कोणाला?

सुट्टी जवळ आली की आमच्या उपनगरांतील ख्रिस्ती घरांत पूर्वी गावी जाण्याची, वेलंकणीच्या यात्रेची अथवा गोव्याची बोलणी होत असत. अलीकडे त्यांत आणखी एका बेताची भर पडली आहे. २०२१ साली 'कॉर्डेलिया' कंपनीचे 'एम्प्रेस' हे जहाज मुंबई बंदरातून सहलींसाठी सुटू लागले आणि अंधेरी-बोरिवलीच्या, मुलुंड-घाटकोपरच्या मध्यमवर्गीय कुटुंबांनाही समुद्रपर्यटन आवाक्यातले वाटू लागले.

हा खर्च योग्य की अयोग्य, असे आम्हाला विचारले जाते. काही भाविकांच्या मते तेवढे पैसे सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीला द्यावेत. हे मत आम्हाला सरसकट मान्य नाही. बेथानीत प्रभूच्या चरणांना लावलेल्या सुगंधी तेलाची किंमत तीनशे दीनार ठरवून गोरगरिबांचा कैवार घेणारा कोण होता, हे योहानाच्या शुभवर्तमानाचे वाचक जाणतात. संत थॉमस अक्वायनस यांनी तर शरीराप्रमाणे मनालाही विसावा हवा असे सांगून विरंगुळ्यातील तारतम्याला सद्गुणांत स्थान दिले आहे. कर्ज न काढता, कोणाचे देणे न थकवता, मुलाबाळांसह चार दिवस समुद्रावर जाण्यात गैर काहीच नाही.

खरा प्रश्न जहाजाचा नकाशा टेबलावर पसरल्यानंतर सुरू होतो. भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाणाऱ्या जुन्या बोटींवर बहुतेक कुटुंबे डेकवर वळकट्या पसरत. वरचा वर्ग तिथेही होता. पण आजी एका वर्गात आणि नातवंडे दुसऱ्या वर्गात, असे सहसा घडत नसे. आजच्या जहाजावर बिनखिडकीची आतली केबिन, समुद्र दिसणारी बंद काचेची केबिन आणि बाल्कनीची केबिन असे चढते दर असतात. सहा माणसे एका केबिनमध्ये मावत नाहीत. कुटुंबाची विभागणी करावीच लागते, आणि ती कशी करावी हा आमच्या मते नीतीचाच प्रश्न आहे.

आमच्या परिचयाच्या एका घरात आजी-आजोबा, मुलगा-सून व दोन नातवंडे आहेत. मुलाने बेत आखला: आपण चौघे बाल्कनीत, आईवडील आतल्या केबिनमध्ये. आजोबांनी उमेदीची वर्षे परदेशी प्रवासी जहाजांवर केबिन स्टुअर्ड म्हणून काढलेली. ते म्हणाले, "अरे, मला खिडकीचे काय कौतुक? मी तर पाण्याच्या पातळीखाली झोपलोय." मुलाला वाटले, प्रश्न मिटला. सुनेला मात्र चैन पडेना. "फादर, पप्पांनी आपण होऊन होकार दिलाय. मग मला का टोचतं?"

टोचते ते योग्यच टोचते. वृद्ध आईवडिलांचा होकार ही मोठी फसवी गोष्ट आहे. ज्यांनी जन्मभर मुलांसाठी स्वतःच्या ताटात कमी वाढून घेतले, त्यांचे उत्तर प्रश्नाआधीच ठरलेले असते. त्याग करणे हा त्यांचा सद्गुण खरा. परंतु तो गृहीत धरून हिशेब मांडणे हा आपला सद्गुण ठरत नाही. आईवडिलांचा मान राखा, असे चौथी आज्ञा सांगते. त्यांची हरकत नसेल तर चालेल, अशी सूट ती देत नाही. शिवाय आतल्या केबिनमध्ये दिवा मालवला की दिवस व रात्र सारखीच. रात्री दोनदा उठणाऱ्या सत्तरीच्या माणसाला तो काळोख अडचणीचा होतो.

मुलाची बाजूही समजून घेतली पाहिजे. बाल्कनीच्या दोन केबिन त्याला परवडत नव्हत्या, आणि धाकटा जेमतेम पाच वर्षांचा. मग बाल्कनीच सोडावी, असे आम्ही सुचवले. (खुर्ची कठड्याशी ओढून वर चढणारी मुले आम्ही कमी पाहिलेली नाहीत!) समुद्र दिसणाऱ्या, एकमेकींस लागून असलेल्या दोन केबिन घ्याव्यात. त्या जहाजाच्या मध्यभागी व खालच्या मजल्यावर असाव्यात. तिथे हेलकावे कमी जाणवतात.

आजोबांचे ते वाक्य मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. २००६ च्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराला भारताने २०१५ साली मान्यता दिली. एरवीच्या जहाजांवर कर्मचाऱ्यांच्या झोपण्याच्या खोल्या भाररेषेच्या, म्हणजे भरलेले जहाज जिथवर बुडू द्यायचे त्या रेषेच्या, वर असाव्यात असा त्यातील सर्वसाधारण नियम. प्रवासी जहाजांवर मात्र उजेड व हवा यांची समाधानकारक सोय असल्यास त्या रेषेखाली ठेवण्यास परवानगी देता येते. म्हणजे जिथे समुद्र दिसण्याचे दाम मोजले जातात, तिथेच काम करणाऱ्याला पाण्याखाली निजवण्याची मुभा! दर चोवीस तासांत किमान १० व आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती, हा त्याच करारातील एक दंडक. कामाचा दिवस किती लांबू शकतो, ते त्यावरूनच ओळखावे. जुलैच्या दुसऱ्या रविवारी आपण दर्यावर्दींसाठी प्रार्थना करतो. सहलीवर त्यांच्यातलाच कोणी आपली चादर बदलत असतो. आपण त्याला 'ए बॉय' म्हणून हाक मारली, तर शेजारी उभी असलेली आपली मुलेही तेच शिकतात.

त्या कुटुंबाने अखेर काचेच्या दोन केबिन घेतल्या. थोरली नात आजी-आजोबांबरोबर झोपणार आहे. आजोबांनी अटी घातल्या आहेत: पहिल्याच संध्याकाळी केबिन आवरणाऱ्याचे नाव विचारायचे, ओले टॉवेल जमिनीवर टाकायचे नाहीत आणि रात्री बारानंतर काहीही मागवायचे नाही. नातीला सगळ्या अटी मंजूर आहेत. फक्त वरच्या बर्थवर तिने आताच हक्क सांगून ठेवला आहे.