तारीख आणि ताकद

औषधाच्या पट्टीवरची तारीख उलटली की गोळी एका रात्रीत निकामी होते, असा आपला समज असतो. तारीख बाकी असेल तर औषध चांगलेच, हा दुसरा समज. पहिल्याने पैसा वाया जातो. दुसऱ्याने जीव जाऊ शकतो.

अमेरिकी लष्करासाठी साठवलेल्या औषधांच्या तपासणीचा अहवाल २००६ साली प्रसिद्ध झाला. १२२ औषधांच्या ३,००५ बॅचपैकी ८८ टक्के बॅच मुदत संपल्यावरही किमान वर्षभर वापरण्याजोग्या निघाल्या. मात्र ती औषधे मूळ वेष्टनात, काळजीपूर्वक राखलेल्या तापमानात होती. म्हणजे नुसता काळ औषधाला संपवत नाही. उष्णता, ओल आणि उजेड त्याचे रेणू मोडतात. छापलेली तारीख हे वचन खरे, पण त्याखालच्या बारीक ओळीतली साठवणुकीची अट पाळली तरच ते टिकते.

अट मोडल्याचे काही औषधे स्वतःच सांगतात. ओल लागलेली अ‍ॅस्पिरिन विघटित होऊन व्हिनेगरसारखा वास सोडते. ऑक्सिटोसिन मात्र काहीच सांगत नाही. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणारे हे इंजेक्शन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते. उन्हाळ्यात वीज नसलेल्या आरोग्य केंद्रात ते दिवसचे दिवस तापले, तरी कुपीतला द्रव तसाच स्वच्छ दिसतो आणि तारीखही बाकी असते. नर्स नेमाने सुई टोचते, रक्त मात्र थांबत नाही. दोष मग नशिबाला दिला जातो.

हे अटळ नाही. १९९६पासून पोलिओ लशीच्या कुपीवर एक छोटा चौकोन येऊ लागला. लशीला जितकी उष्णता लागेल तितका तो गडद होतो आणि पुन्हा फिका होत नाही. लसीकरणाला बसलेल्या कार्यकर्तीला तो पाहून निर्णय घेता येतो. पुढे बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणारे, पण उष्णतेत टिकणारे कार्बेटोसिन हे औषध तयार झाले. भारतासह १० देशांतल्या सुमारे ३०,००० बाळंतिणींवर त्याची चाचणी झाली. २०१८ साली आलेल्या निष्कर्षांनुसार दोन मुख्य निकषांपैकी एकावर ते ऑक्सिटोसिनच्या तोडीचे ठरले. ३० अंशांतही ते तीन वर्षे टिकते.

म्हणून औषध पोहोचले की आरोग्यसेवा पोहोचली, हा हिशेब मला अपुरा वाटतो. फ्रिज, अखंड वीज आणि तापमानाची रोजची नोंद हे औषधाचेच भाग आहेत. साठा-नोंदवहीत कुप्या मोजतो तितक्याच काटेकोरपणे त्या कशा ठेवल्या हेही तपासले पाहिजे. शहरातल्या आणि पाड्यावरच्या बाळंतिणीला एकाच नावाचे इंजेक्शन मिळते, यावर आपण समाधान मानतो. त्यातली ताकदही सारखीच असणे हा तिचा हक्क आहे.