लांबीखालचा गंज

जुन्या मोटारीच्या मालकाने 'लांबी' हा शब्द ऐकला नाही, असे सहसा होत नाही. रंगकामापूर्वी पत्र्यावरचे खळगे भरून काढण्यासाठी लावावयाचा हा लगदा. तो वाळला की पॉलिशपेपरने घासून सपाट करतात आणि त्यावर रंगाचा हात देतात. सुतार लाकडाला लांबी भरतो, रंगारी भिंतीला भरतो; त्यात कोणास काही गैर वाटत नाही. परंतु गंजून चाळण झालेल्या पत्र्यावरही लांबी भरता येते. भोकावर जाळीचा तुकडा किंवा कागदाचा बोळा बसवायचा, त्यावर लगदा थापायचा, घासायचा, रंग मारायचा. दोन पावसाळे तरी गाडी नव्यासारखी दिसते. या व्यवहारात कोणी तोंडातून खोटा शब्द काढलेला नसतो. तरीही येथे असत्य घडले काय, आणि घडले असल्यास ते कोणाविरुद्ध, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

मला या प्रश्नाचा विचार करावा लागला तो ताम्हिणीतील एका गाडीमुळे. ताम्हिणी हे मुळशी तालुक्यातील सह्याद्रीच्या माथ्यावरचे गाव. पौडवरून मुळशी धरणाच्या जलाशयाच्या कडेने जाणारा रस्ता येथून पुढे घाट उतरून रायगड जिल्ह्यात माणगावच्या दिशेने जातो. पावसाळ्यात धबधबे पाहण्यासाठी येथे पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रीघ लागते. त्या पाहुण्यांना पाऊस दिवसभरापुरता सुंदर असतो. गावकऱ्यांना तो चार महिने सोसावा लागतो. २५ जुलै २०२४ रोजी येथे चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. पुणे शहरात सबंध वर्षाचा पाऊस सरासरीने सातशे-साडेसातशे मिलिमीटर पडतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या एका दिवसाची कल्पना येईल. अशा हवेत विळ्याचे पाते, दाराची कडी, छपराचा पत्रा, सारेच गंजते. येथे जुनी मोटार आणून ती दुरुस्त करावयाची म्हणजे वैऱ्याच्याच घरी मुक्काम करून त्याच्याशी लढण्यासारखे आहे.

माझ्या परिचयातील एका तरुणाने नेमके तेच केले. घाटात येणाऱ्या पर्यटकांना चहा-नाश्ता देणारे त्याच्या घरचे लहानसे हॉटेल आहे. पुण्यातील एका इमारतीच्या आवारात वर्षानुवर्षे उभी राहिलेली १९८६ सालची प्रीमिअर पद्मिनी त्याने विकत घेतली आणि टेम्पोवर चढवून गावी आणली. मोटारदुरुस्तीचा त्याला काडीइतका अनुभव नव्हता. गाडी घेऊन झाल्यावर हाती साठ हजार रुपये उरले होते. त्याचे मामा मुंबईत टॅक्सी चालवीत असत, एवढे कारण त्याला पुरेसे वाटले, आणि मलाही ते पुरेसे वाटते.

पद्मिनीविषयी नव्या पिढीला थोडे सांगितले पाहिजे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होत असे. मूळ इटलीची फियाट ११००; आपल्याकडे १९६४ पासून ती 'डिलाइट' म्हणून, १९७२ पासून 'प्रेसिडेंट' म्हणून आणि १९७४ पासून चितोडच्या राणीचे नाव धारण करून 'पद्मिनी' म्हणून रस्त्यावर आली. तिचे इंजिन १०८९ सीसीचे, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच जोडलेला. मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ची. टॅक्सीसाठी असलेली वीस वर्षांची मुदत संपताच, ३० ऑक्टोबर २०२३ पासून, त्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या. लोक आजही तिला 'फियाट' म्हणतात. कागदावरचे नाव बदलले म्हणून बोलीतले बदलत नाही.

या गाडीची एक गोष्ट आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ट्रकला किंवा जुन्या जीपला खाली लोखंडी सांगाडा असतो, आणि वरचे अंग त्यावर बसविलेले असते. पद्मिनीला असा वेगळा सांगाडा नाही. तळाचा पत्रा, दारांखालून पुढून मागे जाणाऱ्या पोकळ पेट्या, छताचे खांब, हे सर्व एकमेकांना जोडून तयार झालेले कवच हाच तिचा सांगाडा. म्हणजे दाराखालचा पत्रा गंजला तर केवळ शोभा जात नाही. हाड पोखरले जाते.

आणि गंज नेमका तेथेच धरतो. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की त्याचे काम सुरू होते. ॲल्युमिनियमवर चढणारे पुट घट्ट बसते आणि खालच्या धातूचे रक्षण करते. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र आणि फुगीर असतो. तो मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापतो, म्हणून वरचा रंग उचलतो, त्या फटीतून आणखी पाणी आत शिरते आणि काम दुणावते. पोकळ पेट्यांच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी लहान छिद्रे ठेवलेली असतात. ती चिखलाने बुजली की पेटीत पाणी साचून राहते, आणि पत्रा आतून बाहेर गंजत येतो. बाहेर रंगावर तांदळाएवढा फोड दिसतो तेव्हा आत बहुधा काही शिल्लक नसते. मत्तयलिखित शुभवर्तमानात कसर आणि जंग यांचा जोडीने उल्लेख आहे. तेथे 'जंग' ज्या ग्रीक शब्दासाठी आला आहे, त्याचा शब्दशः अर्थ 'खाणे' एवढाच होतो. आपल्याकडचे पत्राकामाचे कारागीरही 'पत्रा खाल्लाय' असेच म्हणतात.

नवशिक्याचा पहिला मोह रंगाचा असतो. या तरुणालाही गाडी प्रथम रंगवावी असेच वाटत होते. गावातल्या लोकांनी हसू नये एवढाच हेतू. सुदैवाने त्याने आधी लोहचुंबक हाती घेतले. चांगल्या पत्र्यावर चुंबक चिकटते, जाड लांबीवरून ते घसरते. उजव्या दाराखाली वीतभर लांबीत चुंबक कोठेच धरेना. पेचकसाचे टोक टेकवताच ते आत गेले, आणि रंगाच्या पापुद्र्याबरोबर बोटभर जाडीचा लगदा निघून आला. त्यापाठोपाठ तांबडा भुगा. पूर्वी कोणीतरी, कधीतरी, त्या भोकावर लांबी थापून गाडी विकली होती. लांबी ओल धरून ठेवते. त्यामुळे झाकलेला गंज उघड्या गंजापेक्षाही जोमाने वाढला होता.

पत्राकाम करणाऱ्या कारागिराला बोलाविले. त्याने सारी गाडी पाहिली आणि दोन हिशेब सांगितले. सर्व गंज कापून नवा पत्रा जोडावयाचा तर साठ हजारांत निम्मी गाडीही होणार नाही. लांबी भरून, रंग देऊन मात्र सर्व गाडी त्याच पैशांत तयार होईल. वर चाकांच्या नव्या टोप्यांसाठीही काही उरेल. "दोन वर्षं कुणाला कळायचं नाही," असेही तो म्हणाला. त्याला मी लबाड म्हणणार नाही. त्याच्याकडे येणारी दहापैकी नऊ गिऱ्हाइके हेच मागतात, आणि सचोटीचा भाव सांगणाऱ्याकडे पुन्हा फिरकत नाहीत. आपल्या समाजात चमक स्वस्त मागावयाची आणि मग कारागिराच्या प्रामाणिकपणाविषयी तक्रार करावयाची, ही रीत फार जुनी आहे.

आता मूळ प्रश्न. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात असत्याचा विचार करताना म्हटले आहे की, खोटे केवळ शब्दांनीच सांगता येते असे नाही; कृतीनेही सांगता येते. मात्र जे आहे ते न सांगणे आणि जे नाही ते भासविणे यांत ते भेद करतात. पहिले काही वेळा क्षम्य, दुसरे नव्हे. विक्रीच्या वस्तूतील दोषांविषयी त्यांनी केलेले विवेचन तर आपल्या गाडीसाठीच लिहिले असावे असे वाटते. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल तर तो दोष गिऱ्हाइकाच्या समोरच असतो. विकणाऱ्याने किंमत रास्त ठेवली म्हणजे त्याने दवंडी पिटलीच पाहिजे असे नाही. पण लंगडा घोडा वेगवान म्हणून विकणे, किंवा कोसळू पाहणारे घर भक्कम म्हणून विकणे, हे निराळे. तेथे दोष लपलेला आहे आणि त्यापासून घेणाऱ्याचे नुकसान किंवा जिवाला धोका आहे. असा दोष सांगणे विकणाऱ्यावर बंधनकारक ठरते.

ही कसोटी लावली की पुष्कळसा गुंता सुटतो. दारावरचा चेंडू लागून आलेला पोचा लांबीने भरला तर कोणाचे काय बिघडले? बॉनेटचा रंग विटलेला आहे, तो तसाच राहिला तरी ती एका डोळ्याच्या घोड्याची गोष्ट. दाराखालची पेटी मात्र कोसळू पाहणारे घर आहे. ताम्हिणीच्या उतारावर समोरून बस आदळली, तर त्या पेटीत पत्रा आहे की लगदा, यावर आत बसलेल्यांचे आयुष्य ठरेल. आणि आत बसणारे कोण? गिऱ्हाईक नंतरचे. आधी बसणार त्याची आई, बहीण आणि तिची दोन मुले. 'माझी गाडी, मी विकणार नाही, मग कोणाला फसवतो?' हा युक्तिवाद त्यानेही केला होता. मला तो कधीच पटला नाही. रोज सकाळी चमकणारी गाडी पाहून मालक स्वतःच विसरतो की आत काय आहे. लांबी पहिल्यांदा मालकाला फसवते.

येथे पैशाचा मुद्दा आडवा येतो, आणि तो तुच्छ लेखून चालणार नाही. ज्याच्यापाशी भरपूर पैसा आहे त्याच्यापुढे हा नैतिक पेच उभाच राहत नाही. तो सर्व पत्रा बदलून घेतो. तुटपुंज्या पैशात काम करणाऱ्यालाच रोज निवड करावी लागते. मला वाटते, गरिबीमुळे काम अपुरे ठेवण्याची मुभा मिळते. अपुरे काम पुरे झाले असे भासविण्याची मिळत नाही. म्हणून मी त्याला क्रम सुचविला. आधी ब्रेक, कारण ड्रमचे ब्रेक घाटात तापले की पकड सोडतात. मग तळ आणि पेट्या. मग काचांची रबरे, म्हणजे पाणी आत येणे थांबेल. रंग सर्वांत शेवटी, पैसे उरले तर. वेल्डिंगपूर्वी पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवावी, पत्रा निरोगी धातू लागेपर्यंत कापावा, टाके एकाच जागी सलग न घालता अंतरा-अंतराने घालावेत म्हणजे पत्रा तापून वाकत नाही, आणि उघड्या धातूवर त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा हात द्यावा. ताम्हिणीच्या दमट हवेत दुसऱ्या सकाळपर्यंतही थांबता येत नाही. गाडीवर प्लॅस्टिक घट्ट गुंडाळू नये. आत घाम धरतो. चारी बाजूंनी वारा खेळणारे छप्पर बरे.

नाना पेठेत सुट्या भागांसाठी हिंडावे, जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी नशीब अजमावावे, हे त्याला कोणी सांगावे लागले नाही. भंगारातल्या दुसऱ्या पद्मिनीचे दार मिळाले, तिसरीचा कार्ब्युरेटर. तेव्हा त्याने विचारले, आता ही तीच गाडी राहिली का? मिलिंद राजा आणि भदंत नागसेन यांच्या संवादातला रथाचा प्रश्न त्याला ठाऊक नव्हता: चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, मग रथ कोणता? आपल्या सरकारलाही हा प्रश्न सोडवावा लागला आहे. जुलै २०२१ मध्ये आलेल्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंद होऊ शकते, पण ती मूळ रूपात जपलेली असली पाहिजे आणि तिच्या सांगाड्यात, कवचात वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. नियमाने 'मूळ रूप' म्हटले आहे, 'मूळ पत्रा' नव्हे, आणि हे मला शहाणपणाचे वाटते. कुर्ल्याच्या कारखान्यात जेथे पोलाद होते तेथे पुन्हा पोलाद आले, तर रूप टिकले. तेथे लगदा आला, तर रंग कितीही हुबेहूब असो, ती गाडी राहिली नाही.

त्याच्या आईचा आक्षेप मात्र निराळा होता, आणि मला तो सर्वांत वजनदार वाटला. त्या माउलीने गाडीकडे पाहिलेही नाही. हॉटेलच्या छपराकडे बोट करून ती म्हणाली, "गंज काय फक्त मोटारीलाच लागतो व्हय?" छपराचे चार पत्रे खरोखरच गेले होते. त्या वर्षी साठांतले अठरा हजार छपराला गेले, आणि गाडीची डावी बाजू राहिली.

उजव्या बाजूची पेटी झाली तेव्हा आणखी एक वाद निघाला. सांध्याची जागा लांबी न लावता तशीच दिसू द्यावी, म्हणजे लपविल्याचा प्रश्नच नको, असे या तरुणाचे म्हणणे. कारागिराला ते अपमानास्पद वाटले. "माझ्या हातचा सांधा असा उघडा दिसला तर उद्या मला काम कोण देईल?" तो खरे बोलत होता, नेटकेपणा हेही कारागिराचे सत्यच आहे. शेवटी ठरले ते असे: वेल्डिंगच्या रेषेवर नखाएवढ्या जाडीची लांबी, त्यापेक्षा अधिक नाही, आणि पेटीच्या आतील बाजू रेड ऑक्साइडवर तशीच उघडी. कोठे पत्रा नवा आहे, कोठे जुना, कोठे काम व्हायचे आहे, हे त्याने एका वहीत आकृतीसह लिहिले आणि वही गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवली. डाव्या पेटीपुढे त्या वहीत लिहिले आहे: 'पोकळ. या बाजूला कोणी बसू नये.' दिवाळीनंतर हवा कोरडी पडली की तिचे काम निघेल.